फाटकावरची सुरमई

आमचे शेजारी इनास मास्तर दुकानांच्या पाट्या वाचत नसत, तपासत. त्यांच्या खिशात कायम खडू. पाटीवर इंग्रजी लायसन्सच्या शेपटाला 'एस' दिसला, की त्यावर फुली मारून वर 'सी' काढणार आणि दुकानदाराला सुनावणार, "नावाक सी, कामाक एस! अमेरिकेवाले दोनीकडे एकच पायताण घालतत. आमी मालवणात रवतंव!" म्हणजे नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस.

मीही इंग्रजीच शिकवलं. मास्तरांच्याच शाळेत, शेजारच्या वर्गात. माझंही स्पेलिंग चुकत नाही. पण गावात मास्तर म्हणजे इनास. होडीच्या लायसन्सचे कागद आता ऑनलाइन भरतात. तरी इनास मास्तरांच्या हातचा इंग्रजी अर्ज जोडल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत, अशी आमच्या किनाऱ्याची ठाम समजूत. कचेरीत तो कुणी वाचतही नसेल. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या, की पहिल्या जाळ्यातला चांगला मासा अर्ज लिहिणाऱ्याच्या फाटकाला टांगायचा, ही रीत. कधी सुरमई, कधी सरंगा. माझ्या घरात नुसता वास येतो. बायको विचारते, "तुमच्या दारात कधी एक बांगडो तरी इलो काय?" मी जळतो. खोटं कशाला सांगू?

यंदा मास्तरांचा खडू खिशातच होता. मला वाटलं, गाव सुधारलं. मग एक दिवस दाजी तांडेल, आमच्याकडचा होडीवाला, मास्तरांचा अर्ज घेऊन माझ्याकडे स्टेपलर मागायला आला. मी सहज नजर टाकली, तर लायसन्सच्या शेपटाला चक्क 'एस' वळलेला! ओळीही तिरक्या उतरत गेल्या होत्या, पण ते बघायला मला फुरसत कुठे? दाजीच्या हातातून अर्ज जवळजवळ हिसकावला आणि अनवाणीच मास्तरांच्या सोप्यावर पोचलो.

"मास्तर, नावाक एस? तुमी अमेरिकेक कधी गेल्यात?"

त्यांनी अर्ज घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ निरखला. "होय मरे, चुकलंय," म्हणाले.

अर्ज त्यांनी उलटा धरला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या नाताळापासून. डागतर म्हणता, आता नजर येवची नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाक सांगू नकात. बायल गेली, पोरगो कुवेतात. अर्ज बंद झाले तर ह्या दारात कोण येतलो?"

जिंकायला गेलो होतो, माझंच तोंड एवढंसं झालं.

तेव्हापासून अर्ज मी आधीच लिहून ठेवायला लागलो. होडीवाले आले, की मास्तर हातात पेन घेऊन बसत, आईची तब्येत, पोरांची शाळा विचारत आणि जिथे माझं बोट असेल तिथे सही करत. दाजी मला म्हणाला, "मास्तरांचा अक्षर यंदा सुदारला हां!" तेही मी गिळलं.

पहिली सुरमई त्यांच्याच फाटकाला लागली. बायकोने नेहमीचं विचारलं. मी उठून खिडकी लावली. सुरमई हातभर लांब होती, आणि मी जळतच होतो.

आता यंदाचे अर्ज संपले. मी मात्र रोज संध्याकाळी मास्तरांचं फाटक वाजवतो. आतून हाक येते, "कोण तां?"

"अर्ज आसा एक," मी म्हणतो.