तेरा प्लसवाले दामूकाका

आमच्या दामूकाकांनी एकदा माझ्या वांग्याच्या भाजीला सर्टिफिकेट दिलं होतं. पहिला घास घेतला, डोळ्यांतलं पाणी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं आणि म्हणाले, "सूनबाई, हे यूए सोळा प्लस हाय. पोरीले देऊ नका."

दामूकाका सोनकुसरे हे भंडाऱ्यातले आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. जन्मभर त्यांनी हातमागाच्या साड्यांचं दुकान चालवलं. मुलगा हैदराबादला नोकरीला लागला, तसं दुकान भाड्यानं दिलं आणि सेन्सॉर बोर्डाचं काम अंगावर घेतलं. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही, पण आपल्याकडे असली कामं कोणी दिल्याशिवायच होतात.

पिक्चरच्या सुरुवातीला पडद्यावर जे सर्टिफिकेट येतं, ते तुम्ही-आम्ही कधी बघत नाही. आपण तेव्हा खुर्ची शोधत असतो. काका ते उभे राहून मोठ्यानं वाचतात. पूर्वी सरसकट यूए असायचं, त्यावर त्यांचा राग होता. सहा वर्षांचं लेकरू आणि अकरा वर्षांचं पोट्टं एकाच तराजूत कसं तोलता, असं ते भेटेल त्याला विचारत. मग सात, तेरा आणि सोळा असे टप्पे झाले. त्या दिवशी काकांनी गल्लीत पेढे वाटले. घरात नातू झाला, असं समजून मी अभिनंदनही करून बसले.

तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट या टप्प्यांत बसू लागली. लग्नातला डीजे तेरा प्लस. आमच्या सासूबाईंचं माहेरपुराण सात प्लस, पण झोप येण्याचा धोका. एकदा कोंढ्याहून काकांचे दोन चुलतभाऊ शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण घेऊन आले आणि भर अंगणात एकमेकांचं गोत्र काढू लागले. काकांनी आधी गल्लीतली सगळी पोरं गोळा करून माझ्या स्वयंपाकघरात कोंडली. "हे अठरा हाय," मला बजावलं, "यात मोठं माणूस सोबत असलं तरी चालत नाई." भांडणारे मोठेच होते, हे मी बोलले नाही.

धान निघाल्यावर दिघोरीला झाडीपट्टीचं नाटक होतं. काकांनी तंबूच्या दारावर मॅनेजरला गाठून वयाचं काय ते विचारलं. आमच्या नाटकाला बाया तान्ही लेकरं मांडीवर घेऊन बसतात, असं तो बिचारा म्हणाला. काकांनी त्याला अर्धा तास समजावलं. तेवढ्यात पहिला अंक संपला.

पण त्यांचा खरा जीव होता तो सोबतीच्या नियमात. लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवं, आणि गल्लीतल्या आई-बापांना वेळ नाही. म्हणून काका कायमचे मोठं माणूस झाले. आधी ते आणि त्यांच्या पत्नी कमलकाकू जाऊन पिक्चर पाहून येत. मग काका घरोघरी जाऊन प्रत्येक आईला पूर्ण गोष्ट सांगून परवानगी घेत, खुनी कोण तेही सांगत. माझे कितीतरी पिक्चर त्यांनी असे दारातच संपवले.

टॉकीजमध्ये त्यांची एक पद्धत होती. पडद्यावर नायक-नायिका जवळ येताना दिसले की काका हुकूम सोडत, "पोट्टेहो, चप्पल पाहा!" सगळी रांग वाकून अंधारात चपला शोधायची. माझ्या ओवीला पाचवीपर्यंत वाटत होतं की प्रेमात पडलं की माणसाची चप्पल हरवते. भुताच्या पिक्चरला मात्र काका स्वतःच दुपट्ट्यात तोंड लपवत आणि पोरं त्यांचा हात धरून बसत. सोबतीचं मोठं माणूस नेमकं कोण, असं डोअरकीपरनंही एकदा विचारलं म्हणे.

मग कमलकाकू आजारी पडल्या. त्या आजारपणाला काकांनी कोणतंच सर्टिफिकेट दिलं नाही. त्या गेल्यावर आधी जाऊन पिक्चर बघणं बंद झालं. पिक्चरमध्ये काय आहे ते डोअरकीपरला विचारून घेतो, म्हणाले, आणि पोरांना घेऊन पहिल्यापेक्षा जास्तच जाऊ लागले. हळूहळू गल्लीतली मोठी पोरं कॉलेजला नागपूरला गेली. उरल्या ओवी आणि तिच्या दोन मैत्रिणी.

ओवीला तेरावं लागून संपलं, त्या रविवारी तिघी काकांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ओवी म्हणाली, "काका, पिक्चर तेरा प्लस हाय आणि आम्ही तिघी तेराच्या झालो. आता मोठं माणूस कायले लागते?"

काकांनी तिघींच्या जन्मतारखा विचारल्या. बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "नियम तं बरोबर हाय. जा."

मला आतून गंमत वाटली. म्हटलं, म्हातारा स्वतःच्याच नियमात बरा सापडला.

दुपारी भाजी घ्यायला निघाले, तर टॉकीजसमोरच्या चहाच्या ठेल्यावर काका बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. पोरींवर पहारा ठेवतात की काय, म्हणून मला राग आला. पोरी मोठ्या झाल्या आता, असं सांगायला मी तावातावानं गेले.

"त्यायच्यासाठी नाई आलो," काका म्हणाले. "पिक्चर पाहाले आलो."

पिक्चर तर केव्हाच सुरू झाला होता. मग बाहेर का बसलात, मी विचारलं.

काकांनी रिकामा ग्लास हातात फिरवला. "खिडकीवर दोनदा जाऊन आलो. पन एक द्या, असं म्हनाले गेलो तं तोंडच उघडत नाई. कमल होती तवा दोन म्हनत होतो. मंग पोट्टे होते, पाच म्हनत होतो, सहा म्हनत होतो. एक कधी म्हनलंच नाई, सूनबाई." ग्लास खाली ठेवून म्हणाले, "घरी तं झोपही येत नाई."

मला टॉकीजमध्ये जाणं आवडत नाही. अंधारात तीन तास बसणं म्हणजे मला शिक्षा वाटते. पण मी भाजीची पिशवी ठेलेवाल्याकडे ठेवली, खिडकीवर गेले आणि दोन म्हटलं. काका नको नको म्हणत मागून आले.

दहा मिनिटांत ते झोपले. मान छातीवर, दोन्ही हात मांडीवर, तोंड थोडं उघडं. पडद्यावर मोटारी उडत होत्या, बंदुका चालत होत्या, काकांना पत्ता नव्हता. मी खुर्चीत जराही हलले नाही.

मध्यंतराला दिवे लागले, तरी त्यांचं बारीक घोरणं चालूच होतं. पुढच्या रांगेतून ओवीनं मागं वळून पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती रांगेतून बाहेर पडून गुपचूप मागे आली आणि काकांच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसली. मैत्रिणींनी दोनदा बोलावलं, पण ती गेली नाही.