शाळेच्या पोटात शाळा

"गटपद्धती ना? पंधरा दिवसांत पाळण्यात घालून झोपवतो की नाही बघा," आसाराम गुरुजी म्हणाले. त्यांच्या हातात सात पानांचं सायक्लोस्टाइल परिपत्रक होतं आणि पाठीत उसण भरलेली होती, त्यामुळे बढाई मारतानासुद्धा त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

समोर राधाकृष्ण मास्तर उभे होते. माळवाडीच्या शाळेत हे दोनच शिक्षक. मास्तर तरुण, पहिली-दुसरी त्यांच्याकडे. तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकी गुरुजींकडे. तिसरीला ते ओसरीवर बसवत आणि चौथीला आतल्या खोलीत. घंटेला आणि पाण्याला दगडाबाई. एवढा सगळा कारभार.

"गुरुजी, यात तर वर्गच मोडायचे म्हणतात. प्रगतीप्रमाणे गट करायचे, दर वीस मिनिटांनी घंटा, आणि घंटेसरशी गटांनी जागा बदलायची. पोरं हरवतील हो."

"एकतीस वर्षांत अशी नऊ परिपत्रकं आली, मास्तर. ती गेली. मी इथंच आहे."

हे 'इथंच आहे' मात्र त्यांनी जरा हळू म्हटलं. कारण दुखणं तेच होतं. गुरुजींचं घर काष्टीला. तिथं त्यांच्या पत्नी भागूबाई एकट्या, गुडघे धरलेल्या. गुरुजी दर शनिवारी अकरा मैल सायकल हाणत जायचे, सोमवारी पहाटे अकरा मैल परत. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि काष्टीच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती. डिप्टीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, तालुक्याच्या सभेत सांगितलं होतं, "नवी पद्धत नीट चाललेली दिसली, तर तुमच्या बदलीची शिफारस मी स्वतः शेरेबुकात लिहीन." शेरेबुक म्हणजे साहेब ज्यात आपलं मत लिहून जातो ती वही. तिच्यात लिहिलेलं तालुक्याला ब्रह्मवाक्य.

तेव्हा पद्धत तर लावायला हवी होती. पण चालत्या गाडीची खीळ काढून बघणाऱ्यांतले गुरुजी नव्हते.

"आपण असं करू," ते म्हणाले. "आधी एक खोटी शाळा काढू. चौथीच्या खोलीत. तिच्यात ही पद्धत लावू. मोडली तर ती मोडेल, आपली नाही."

गुरुजींनी कामात कधी कुचराई केली नव्हती, खोट्या कामात तर नाहीच. चौथीच्या खोलीत खडूनं चार चौकोन आखले, ते चार वर्ग. चौकोनांना खडूचीच दारं. दारातूनच आत जायचं, भिंतीवरून पाय टाकला की छडी. खोटा हजेरीपट झाला, खोटं शेरेबुक झालं, त्याला खऱ्यासारखंच लाल कापड शिवलं. घंटा म्हणून पितळी थाळी आणि उलथणं. दिवस मात्र तासाभराचा, म्हणजे महिनाभराचा अनुभव आठवड्यात पदरात पडावा. मुख्याध्यापक म्हणून नेमली मुक्ता. सहादेव दरेकरांची ही पोरगी दहा वर्षांची होती, पण तिच्यापुढं वळवळायची मोठ्या पोरांची छाती नव्हती.

"मुक्ता, नीट ऐक. या शाळेत काही बुडालं, पडलं, मोडलं तरी बाहेरच्या शाळेला त्याचा वाससुद्धा लागता कामा नये. अगदीच बिनसलं तर खडू पुसायचा आणि पहिल्यापासून सुरू. आणि कुठलाही कागद असो, वर शाळेचं आणि मुख्याध्यापकाचं नाव घातल्याशिवाय पुढं जात नाही. ध्यानात राहील?"

"व्हय गुरुजी."

दोन दिवसांत खोट्या शाळेचे दहा दिवस झाले. त्यात एक रविवार आला, तेव्हा सगळी पोरं खडूच्या भिंतींबाहेर हाताची घडी घालून सुट्टी भोगत बसली. बाकीचे दिवस मात्र घाण्याच्या बैलासारखे गेले. थाळी वाजली की अठ्ठावीस पोरं चार दारांतून एकदम निघायची आणि एकदम अडकायची. गोरक्षनाथ नावाचा एक गरीब पोरगा दीड दिवस कुठल्याच गटात नव्हता. त्यानं तक्रारही केली नाही.

"जमत नाही बघ हे," गुरुजी मुक्ताला म्हणाले. "तू मुख्याध्यापक. तूच काहीतरी बघ." आणि ते ओसरीवर तिसरीच्या पाढ्यांकडे गेले. पाठ फारच दुखत होती.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले तर चौकोनांत पोरं शहाण्यासारखी बसलेली. जुन्या पद्धतीनं, इयत्तेप्रमाणे. आणि खिडकीखाली एक नवीन, चार-पाच हातांचा चौकोन. त्यात सहा पोरं आणि पुढं मच्छिंद्र, हातात तांब्या आणि दगड.

"हे काय गं?"

"शाळा हाय गुरुजी."

"शाळा तर ही आहे ना?"

"ही खरी. ती खोटी."

"अगं, हीच खोटी आहे."

"तुमच्यासाठी आसंल," मुक्ता शांतपणे म्हणाली. "मला तर हीच चालवायची हाय. चालती शाळा मोडायची न्हाई, आसं तुमीच म्हनला. म्हून नवी पद्धत आदी मच्छिंद्राच्या शाळंत लावून बघतो. थितं जमली की हितं, हितं जमली की तुमच्याकडं."

एकतीस वर्षं गुरुजी पोरांना सांगत आले होते, बाबांनो, शिकवलेलं वापरा. आज एका पोरीनं वापरलं होतं. आता तिला कुठल्या तोंडानं रागवायचं?

"आणि मच्छिंद्राला तरी जमतंय का?"

"त्याला बी न्हाई जमत. त्यानं फळ्यामागं दोन पोरं बशिवल्यात."

गुरुजींनी फळ्यामागं डोकावून पाहिलं. तिथं खरोखरच दोन पोरं बसली होती. एक मुख्याध्यापक, एक सगळी शाळा. त्यांच्यापाशी घंटा म्हणून शेळीच्या गळ्यातलं घुंगरू होतं. आणि गंमत अशी की तिथं नवी पद्धत अगदी सुरळीत चालली होती. घुंगरू वाजलं की सगळी शाळा उठायची, दुसऱ्या मांडीवर बसायची.

सोमवारी येणारे डिप्टीसाहेब गुरुवारीच उगवले. मोटारसायकलची धूळ अंगणात बसायच्या आत ते थेट चौथीच्या खोलीत शिरले. गुरुजी टोपी सावरत मागं.

साहेबांनी दारातल्याच गोरक्षनाथाला धरलं. "काय रे, कितवीत तू?"

"कंच्या शाळंत, सायेब?"

"कंच्या म्हणजे?"

"भायेरच्या शाळंत चौथीत हाय. हितं दुसरीत. अन् मच्छिंद्राच्या शाळंत मी शिपाई हाय."

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "प्रगतीप्रमाणे गट आहेत, साहेब." सुचलं ते एवढंच, आणि तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं.

"अस्सं," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. परिपत्रकातलं वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळण्याची त्यांचीही ती पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात फळ्यामागची शाळा सुटली. त्यांचा दिवस दहा मिनिटांचाच होता. घुंगरू वाजलं. ते ऐकून खिडकीखालच्या शाळेला वाटलं की आपलीच वेळ झाली, आणि मच्छिंद्रानं तांब्यावर दगड हाणला. तो आवाज गेला ओसरीवर. तिथं दगडाबाई साहेबांसाठी चहाला आधण ठेवून बसली होती. साहेब आलाय, आतून भांडं वाजलं, म्हणजे शाळा लवकर सोडायची खूण असणार, असा तिनं सरळ हिशेब केला. ती उठली आणि लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तिनं पाचचे टोले दिले. दुपारी एक वाजता.

पहिली, दुसरी, तिसरी अशा तीन इयत्ता दप्तरांसकट उसात पसार झाल्या. राधाकृष्ण मास्तर "अरे, अरे" करत त्यांच्या मागं. गावाचं घड्याळ म्हणजे तोच रुळाचा तुकडा, त्यामुळे गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला. खुरपायला गेलेल्या बाया "आज दिस लई लवकर बुडाला की गं" म्हणत पाट्या उचलून घराकडं निघाल्या. कुणी वर सूर्याकडं पाहिलं नाही. शाळेपेक्षा सूर्याचं ज्ञान जास्त, असं त्या गावात कुणी मानत नसे.

गुरुजी पाठ धरून बांधापर्यंत धावले. अर्ध्या तासानं अकरा पोरं, एक शेळी आणि रडकुंडीला आलेले राधाकृष्ण मास्तर घेऊन परतले. आपली बदली उसात गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

पण चौथीच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. मुक्तानं त्या गोंधळात एकच वाक्य म्हटलं होतं, "आपली थाळी वाजली न्हाई, बसा," आणि अठ्ठावीस पोरं बसली होती. खरी शाळा रानात, खोटी शाळा वाचनपाठावर. साहेब खुर्चीवर बसून हे पाहत होते आणि चहा पीत होते.

"वा, गुरुजी! बाहेर एवढा कालवा झाला तरी एक मूल हललं नाही. तीस शाळा पाहिल्या, अशी शिस्त नाही. तुमची शिफारस लिहिली बरं का. कार्बन लावून नक्कलही घेतली, आजच ऑफिसात देतो."

गुरुजींचे डोळे भरून आले. साहेबांसमोर वही उघडून बघणं बरं दिसलं नसतं. मोटारसायकल ओढ्यापलीकडं गेल्यावर त्यांनी कपाटातून शेरेबुक काढलं. शेवटचा शेरा गेल्या सालचा होता, तोही संडासाबद्दल.

"मुक्ता, साहेबांनी शेरेबुक कुणाकडं मागितलं?"

"मुख्याध्यापक कुठं हायेत म्हनले. म्या म्हनलं, मीच हाय. सायेब हसले. म्हनले, मग शेरेबुक आन. म्या आमचं दिलं."

लाल कापडाच्या त्या वहीत साहेबांचं वळणदार अक्षर होतं, तारीख होती, सही होती. 'सदर मुख्याध्यापकांची काष्टी येथे बदली करण्याची जोरदार शिफारस करतो.' आणि पानाच्या माथ्यावर, गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे, मुक्तानं आधीच टाकानं कोरून ठेवलं होतं: मुख्याध्यापक, मुक्ताबाई सहादेव दरेकर.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाणार होते, पण उसणीनं त्यांना आठ दिवस अंथरुणावरून उठू दिलं नाही. उठले तेव्हा हुकूम दारात आला होता. श्रीमती मुक्ताबाई दरेकर यांनी सात दिवसांत काष्टी येथे हजर व्हावे.

तालुक्याच्या ऑफिसातल्या कारकुनानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"गुरुजी, ती बाई दहा वर्षांची आहे हे मला पटतं. पण कागदाला पटायला हवं ना? आता ती जागा त्यांच्या नावावर गेली. त्या हजर झाल्या तर प्रश्नच मिटला."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर लेखी नकार आणा. मग जागा मोकळी करू. मग तुम्ही नव्यानं अर्ज करा."

तालुक्याहून नऊ मैल सायकल हाणत गुरुजी माळवाडीला पोचले ते थेट चौथीच्या खोलीत. मुक्तानं हुकूम दोनदा वाचला.

"काष्टीला माझी मामी असती," ती म्हणाली. "बाजार बी मोठा भरतो."

"मुक्ता, तिथं माझं घर आहे गं. तुझी गुरुजीनबाई एकटी आहे."

मुक्तानं दौत ओढली आणि नकार लिहायला घेतला. अर्ध्यात थांबली.

"पर गुरुजी, म्या ह्या शाळंचं बी काम सोडती आता. मामीकडं बदली झाल्याली सोडली, मग हितं तरी कशाला ऱ्हाऊ? मला पाचवीच्या स्कॉलरशिपचा आभ्यास हाय. माझ्या जागी कुनी हजर झाल्याबिगर मला सोडता येत न्हाई. तुमीच शिकिवलंय. तुमी व्हता का?"

गुरुजींनी खोलीभर नजर फिरवली. कुणाची नेमणूक करावी असं दुसरं कोणी दिसेना. ते खडूच्या दारातून वाकून आत गेले, मांडी घालून बसले, आणि मुक्तानं पुढं केलेल्या, तिच्या जागी बदली मागणाऱ्या अर्जावर त्यांनी सही केली. तिनं तो वाचला, वर नाव आहे का ते तपासलं, खाली 'मंजूर' लिहिलं, अर्धा राहिलेला नकार पुरा केला आणि थाळी वाजवली.

बदलीचा अर्ज त्याच दिवशी मंजूर होण्याची गुरुजींच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. आपल्या टेबलापासून खडूच्या चौकोनापर्यंत, अंतर अंदाजे सात फूट.