घड्याळाचा जीव टांगणीला

बाळांनो, एक अरुंद दुकान डोळ्यांपुढे आणा. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी आणि शेजारच्या स्टुलावर फोनमध्ये नाक खुपसून बसलेली त्यांची अकरा वर्षांची लेक.

लेक इंग्रजी शिकत होती, तेही शिकवणीशिवाय! समुद्री चाच्यांच्या एका मालिकेवर तिचा फार जीव. त्याच चाच्यांना घेऊन जगभरातले हौशी वाचक इंटरनेटवर आपापल्या गोष्टी लिहीत आणि ही शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांचा फडशा पाडी. सहा महिन्यांत दोनशे प्रकरणं! आता आपण कुठलंही इंग्रजी पत्र लिहू शकतो, असं तिने बाबांना ऐकवलं.

बाबांना इंग्रजीचा गंध नव्हता. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या घड्याळाची चौकशी नेमकी इंग्रजीत आली होती. गिऱ्हाईक म्हणजे परक्या देशातून आलेल्या एक आजी. घड्याळ तयार आहे, सवडीने न्या, एवढंच कळवायचं होतं.

लेकीला ते फारच अळणी वाटलं. तिने वाचलेलं प्रत्येक प्रकरण ऐन मोक्यावर तुटायचं. इंग्रजीत लिहायची रीतच ती, असा तिचा पक्का समज. तिने झोकात लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच आजी दारात. डोळे सुजलेले, पायांत दोन तऱ्हेच्या चपला. त्यांचं बोलणं कळेना, म्हणून बाबांनी शेजारच्या औषधवाल्या काकांना बोलावलं. आजींच्या फोनवरचं पत्र काकांनी आपल्या भाषेत वाचून दाखवलं.

"घड्याळजींनी झाकण उघडलं. आत काळोख होता. त्यांचा हात थरथरला. हे हृदय पुन्हा धडधडेल का? वाचा पुढच्या भागात."

काकांनी चष्मा काढला. "घड्याळ यांच्या गेलेल्या यजमानांचं आहे. पुढचा भाग येईना, म्हणून पहिल्या बसने आल्या."

बाबांनी घड्याळावरचं फडकं काढलं. ते छान टिकटिकत होतं. आजींनी त्याला कान लावला आणि त्यांना रडू कोसळलं.

"माझ्या कामापायी आजवर कुणी रडलं नव्हतं," बाबा हळूच म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लेकीला झालं. मरताना चाचे कशी माफी मागतात, ते तिला पानंच्या पानं पाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ!

मग तिने काय केलं? कशीबशी 'सॉरी' म्हणाली, ते जड घड्याळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आजींना बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाली. वाटभर आजी तिच्याशी इंग्रजीत बोलत होत्या. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती खाली बघून नुसती मान हलवत राहिली.