भाभींचा रेणू

इब्राहिम सरांच्या घरी गेलं की ते पाणी विचारायच्या आधी पंखा बंद करायचे. वर बजावायचे, "श्वास जरा बेताने घ्या हां."

दाभोळच्या खलाशांच्या घरातले सर रत्नागिरीत आम्हाला फिजिक्स शिकवायचे. त्यांचा प्रयोग मात्र घरच्या माडीवर चाले. काचेची नळी बर्नरवर तापवून ओढायची, टोकाचं भोक इतकं बारीक करायचं की मिठाच्या पाण्यातून केळ्यातून काढलेल्या डीएनएचा एकच रेणू त्यातून जावा. तो जाताना पाण्यातली वीज क्षणभर कमी होते. पडद्यावरच्या रेघेत तेवढी खूण सरांना डोळ्यांनी बघायची होती. पंख्याची वीज त्यात लुडबूड करते, म्हणून नळी आमरसाच्या रिकाम्या डब्यात आणि आम्ही घामात.

"ओढ, पण काचेशी भांडू नकोस," ते मला सांगायचे. माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. दुपारी जेवलास का, असं सरांच्या बायकोने, भाभींनी, कधी विचारलं नाही. सरळ ताट वाढलं.

"अहो, मे महिना आहे," भाभी पदराने वारा घेत म्हणायच्या. "तुमचा रेणू जगेल, आम्ही मरू!"

"बोलू नकोस, रेघ हलते."

एकदा त्या चिडवायला म्हणाल्या, "रोज केळ्याचा रेणू कसला बघता? माझा बघा की!" आणि खरंच गालाच्या आतून कापूस फिरवून दिला. सरांनी त्यातून डीएनए काढून एका छोट्या नळीत स्पिरिटात ठेवला. "भोक अजून मोठं आहे. तुझ्यासाठी नीट करतो."

भाभी काविळीने गेल्या. भोक मोठंच राहिलं.

पुढे मला पुण्यात एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथे हेच काम करणारं यंत्र होतं. मी फोन केला, "सर, भाभींची नळी घेऊन या."

सर एसटीने आले, नळी थर्मासमध्ये बर्फात. थेंब घातला. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावरची रेघ टचकन खाली जाऊन वर आली.

"हीच?"

"हीच, सर."

मला वाटलं, सर आनंदाने ओरडतील. ते उठले आणि त्यांनी विजेची दिशा उलटी केली. तसं केलं की गेलेला रेणू कधी कधी माघारी ओढता येतो. पण तेही लगेच, क्षणात केलं तर.

"सर, एवढ्यात तो लांब गेला असेल."

"ठाऊक आहे रे." त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. रेघ सरळच चालली होती. "जरा थांबू. एका हाकेत ती कधी यायचीच नाही."