रुखमाबाईचा पाव तास

एसटी गेली. मागे धूळ राहिली आणि धुळीत नागोराव आणि त्यांची लेक उर्वशी.

थांबा, काटा जरा मागे फिरवू.

आर्णीच्या त्या घरातलं घड्याळ कायम पाव तास पुढे. नवऱ्याची एसटी चुकू नये म्हणून रुखमाबाईनेच तसं लावलेलं. वर रोज सकाळी तिचा गजर, "प्या लवकर, गाडी निघन!" नागोराव मनातल्या मनात पाव तास वजा करून निवांत चहा पीत. पुढे रुखमाबाई गेली, वजाबाकी राहिली.

उर्वशी पुण्यात विश्वाच्या जन्मावर संशोधन करते. काल घरी आली, तिला ते खोटं घड्याळ बघवेना. झोपण्याआधी तिने काटे बरोबर लावले. सकाळी ती भाषणाच्या तयारीत गुंग. "बाबा, झाला का टाइम?"

"हाय अजून," नागोराव वजाबाकी करून म्हणाले आणि आणखी एक कप घेतला.

काटा पुन्हा स्टँडवरच्या धुळीत.

"घड्याळाले हात कायले लावला व?"

"चुकीचं होतं ना, बाबा!"

"चुकीचं नव्हतं. तुह्या मायचं होतं."

उर्वशीचं आज यवतमाळच्या कॉलेजात भाषण होतं, आपल्या जिल्ह्यातलं पहिलंच.

"काय सांगनार होती तिथं?"

"विश्वाच्या मूळ समीकरणात काळच नाही. घड्याळ आणि बाकीचं जग यांच्या नात्यातून तो जाणवतो, असं काही जण मानतात."

"काळच नाही, मंग एसटी कशी चुकली?"

कॉलेजने भाषण उद्यावर ढकललं. उद्या चुकलं तर रद्द, हेही बजावलं.

दुपारी बाबा शेतात गेल्यावर उर्वशी स्टुलावर चढली आणि काटा पाव तास पुढे करून उतरली. संध्याकाळी लेक न्हाणीत गेल्यावर त्याच स्टुलावर नागोराव चढले. किती वाजले ते कोण बघतो? बायकोचा पाव तास त्यांच्या बोटांना पाठ होता.

कोणी कोणाला सांगितलं नाही.

सकाळी दोघांनी शहाण्यासारखा पाव तास वजा केला आणि स्टँड गाठला. एसटीचा पत्ता नाही. झाडणारी बाई त्यांच्या पायांभोवती झाडू फिरवून गेली.

उर्वशीने मोबाइल पाहिला, गाडीला अजून पाव तास होता. मग बाबांकडे. "तुम्ही पण?"

"तू बी काय?"

दोघं इतकी हसली की झाडणारी बाई थबकली.

"हा पाव घंटा आता कोनाचा व?"

"आईचा."

नागोरावांनी थर्मासमधून दोन कप भरले. रिकाम्या स्टँडकडे पाहिलं आणि घाईघाईने एक कप लेकीच्या हातात दिला.

"पी लवकर, गाडी निघन."