तपासणी चालू आहे

सकाळी भाऊजींनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, की घर जागं व्हायचं. कॉम्प्युटरला मात्र बराच वेळ लागायचा. पडद्यावर एक निळी ढाल उगवायची, तिच्याखाली 'तपासणी चालू आहे' अशी पाटी लागायची आणि एक चक्र गरगरत राहायचं. भाऊजी सुस्कारा सोडायचे, "घ्या, बसा आता हातावर हात ठेवून," असं म्हणायचे आणि उठायचे.

भाऊजी म्हणजे घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढणारे गृहस्थ. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना भाऊजी म्हणतो, म्हणून आपणही म्हणू. बायको म्हणजे ताई. त्यांना मात्र भावापासून रक्ततपासणीच्या लॅबमधल्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळेच ताई म्हणत.

तर उठलेला माणूस नुसता उभा तरी किती वेळ राहणार? भाऊजी जाता जाता चादरींच्या घड्या घालायचे. पाणी भरायचे. धुतलेले कपडे वाळत टाकायचे. ताईंच्या डब्यासाठी भाज्या चिरायचे, त्याही नकाशेवाल्याच्या शिस्तीनं, सगळे तुकडे एका मापाचे. घरात याला कुणी काम म्हणत नसे. भाऊजी वाट बघत होते, इतकंच. ताई पक्क्या हिशेबी, पण ही मिळकत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. बोललं की आटते, अशा जातीची ती मिळकत होती.

कारण ताईंना आठाच्या आत लॅब गाठावी लागे. दारात उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असे, आणि सकाळचा चहा न घेतलेला माणूस किती बोलू शकतो हे रांगेपलीकडच्यालाच कळतं. त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झालेली. मोठे डॉक्टर ती ताईंना द्यावी, की सुई टोचताना हात जड पण घड्याळ चोख असलेल्या त्यांच्या सहकारिणीला द्यावी, या विचारात होते.

अशात एका रविवारी धाकटा भाऊ बायकोला घेऊन एका रात्रीच्या मुक्कामाला आला. सोमवारी सकाळी त्यानं ती ढाल पाहिली.

"भाऊजी, हे काय? रोज असंच?"

"रोज असंच."

"आणि तुम्ही चालवून घेता? अहो, हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर म्हणजे दारावरचा रखवालदार. पण हा रखवालदार तुम्ही बैठकीतून स्वयंपाकघरात गेलात तरी खिसे तपासतोय! काढून टाका."

"चोर शिरला म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये लोकांच्या मोऱ्यांचे नकाशे. कोण नेणार?"

ताई भाजी फोडणीला टाकत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत रखवालदार नोकरीवरून गेलेला होता. भावानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडला. भाऊजी म्हणाले, "बरं झालं." शेजाऱ्याला बढती मिळाल्यावर म्हणतात, तसं म्हणाले.

मंगळवारी भाऊजींना चपला सापडायच्या आत कॉम्प्युटर हजर झाला, आणि भाऊजी त्याच्यासमोर. दूध उतू गेलं. कपडे मशीनमध्येच कुबट झाले. चादरी रात्रीच्या अवस्थेत पडून राहिल्या. ताई लॅबमध्ये पोचल्या तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, आमचा उपास केव्हा सोडवणार?"

मोठे डॉक्टर नुसते घड्याळाकडे बघून आत गेले. ते जास्त वाईट.

बुधवारी ताईंनी सरळ मार्ग धरला. "अहो, तेवढे कपडे वाळत टाका ना."

"मी काम करतोय."

"परवापर्यंत टाकत होतात की!"

"परवापर्यंत मी थांबलेलो होतो," भाऊजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "थांबलेला माणूस वेगळा आणि काम करणारा माणूस वेगळा."

मग ताईंना उपाय सुचला. लॅबमधला कॉम्प्युटर एक अहवाल छापायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात पेशंट बरा व्हावा. ताईंनी स्वागतकक्षातल्या मुलीला गाठलं.

"यात सुरक्षेला काय घातलंयस गं?"

मुलीनं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाली, "पण ताई, घरी चुकूनही टाकू नका हं, फार हळू होतं."

"नाही बाई, मी कशाला टाकते!" ताई म्हणाल्या, आणि संध्याकाळी भाऊजी फिरायला गेल्यावर त्यांनी ते टाकलं.

गुरुवारी कॉम्प्युटर जरासा अडखळला. भाऊजींची एक जांभई देऊन होईल, एवढाच. एका जांभईत चादरींच्या घड्या होत नाहीत. ताईंनी संध्याकाळी दुसरं एक सॉफ्टवेअर टाकलं. एका रखवालदारानं एवढा उशीर, तर दोघांनी दुप्पट, असा साधा गुणाकार.

पण रखवालदारांचा गुणाकार तसा होत नाही. पहिल्याला दुसरा चोर वाटला आणि दुसऱ्याला पहिला. शुक्रवारी सकाळी दोन्ही ढाली पडद्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकमेकींचे खिसे तपासू लागल्या. चक्रही थांबलं. माउस हलेना, बटण दबेना. आत एका दुमजली घराचा नकाशा अडकलेला, तो त्याच दिवशी द्यायचा होता.

आता भाऊजी उठून चादरींकडे वळतील, ही ताईंची अपेक्षा. ती साफ फसली. कॉम्प्युटर हळू असला तर माणूस कंटाळून उठतो. मेला तर माणूस त्याच्या उशाशी बसतो. भाऊजी डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "चहा कर गं. आलं घालून."

ताईंनी चहा केला, दुरुस्तीवाल्याला फोन केला आणि पर्स खांद्याला लावून दारातच उभ्या राहिल्या. निघावं, तर आपल्या पाठीमागे तो काय बोलेल? थांबावं, तर रांग. तेवढ्यात लॅबमधून मुलीचा फोन आला. "ताई, कुठं आहात? तुमच्या जोडीच्या त्या बाई आज रजेवर आहेत, आणि मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सुई हातात घेतलीय!"

दुरुस्तीवाला आला, पडदा पाहिला आणि हसला. "एकावर एक दोन कुणी घातली?"

भाऊजींनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पर्सच्या पट्ट्याकडे.

"मी घातली," ताई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही सकाळी उठून घरात चार गोष्टी करायचात, त्या बंद झाल्या. मला रोज उशीर होतोय. माझी बढती चाललीय हातची. हळू झाला कॉम्प्युटर तर उठाल, म्हटलं."

भाऊजी रागावतील, असं तिघांनाही वाटलं. तिघांत भाऊजीही आले. पण ते एवढंच म्हणाले, "जुनंच परत टाकायचंस की."

दुरुस्तीवाल्यानं दोन्ही काढली, नकाशा सुखरूप बाहेर आणला आणि जुनी ढाल परत बसवली. "तसं बघाल तर एका सॉफ्टवेअरनं मशीन काही एवढं हळू होत नाही," तो म्हणाला. "पूर्ण तपासणी चालू असेपर्यंतच काय ते जड जातं. पण साहेब, इथं कोपऱ्यात 'नंतर' म्हणून बटण आहे. ते दाबलं की तपासणी थांबते आणि लगेच काम सुरू करता येतं."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले.



"माहीत आहे म्हणजे?" ताईंनी विचारलं. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग दाबलं का नाहीत?"

भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला. "अगं, उठल्या उठल्या लोकांचे संडास कुठल्या कोपऱ्यात काढायचे ते ठरवत बसण्यापेक्षा चादरींच्या घड्या बऱ्या. मन कसं शांत राहतं."

"मग तसं सांगायचं!"

"काय सांगू? मला घड्या घालायला आवडतात म्हणून? तुझा भाऊ चार घरी सांगत सुटला असता."

दुरुस्तीवाल्यानं आपली पिशवी आवरली. असल्या बिघाडाचं तो काही घेत नसावा, कारण चहा पिऊन गुपचूप निघून गेला.

ताई लॅबमध्ये पोचल्या तेव्हा रांग दोन्ही हातांवर कापूस दाबून बसली होती. मोठ्या डॉक्टरांचं वाचन दांडगं, पण शीर सापडत नव्हती. ताईंना पाहताच पुन्हा रक्त द्यायला आलेले मंगळवारचे ते आजोबा ओरडले, "आल्या! अहो डॉक्टर, ठेवा ती सुई खाली!" डॉक्टरांनी ती इतक्या तत्परतेनं ठेवली, की बढती तिथंच झाली म्हणायची. पत्र संध्याकाळी हातात आलं.

रात्री धाकट्याचा फोन आला. भाऊजींनी जुनं सॉफ्टवेअर परत टाकल्याचं सांगितलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "सुरक्षितता महत्त्वाची रे बाबा." पलीकडून बरंच व्याख्यान झालं. फोन ठेवतात न ठेवतात तोच ताईंचा फोन वाजला. भावाची बायको होती, दबक्या आवाजात.

"ताई, हे आंघोळीला गेलेत म्हणून विचारते. सोमवारी मी बघितलं, भाऊजी भाज्या चिरत होते. त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगता का? आमच्या मशीनवर टाकते."

ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. ते उद्याच्या शेंगा आजच निवडत बसले होते.

"टाकशील गं, पण त्यात 'नंतर'चं बटण असतं. तो काय करेल?"

"हे? लगेच दाबतील."

"मग सॉफ्टवेअर राहू दे," ताई म्हणाल्या. "तू कामाला बाई बघ."