ग्राफिक्स कार्डाची हजेरी

जाफराबादचे आमचे साळवे गुरुजी दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरची हजेरी घेतात. कॅबिनेटचं झाकण उघडायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि निवृत्त होताना शाळेतून आणलेल्या कोऱ्या हजेरीपटात खुणा करायच्या. "रॅम?" "हजर," असं उत्तरही स्वतःच देतात. "पंखा?" "हजर." स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डापुढं मात्र सलग पाच रविवार लिहिलेलं होतं : 'पळालं.'

मी त्यांचा भाडेकरू. गाव लांब, गडचिरोलीकडं. शाळा आठवीत सुटली. इथं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. अनोळखी माणसाला खोली देताना गुरुजींनी एकच प्रश्न विचारला होता, "जेवला का?" अशा माणसाचं कार्ड बिघडलं की घास गिळवत नाही. त्यात ते बसवलं होतं मीच.

गुरुजींचा मुलगा राहुल कॅनडात. रविवारी सकाळी बापलेक ट्रकच्या गेममध्ये भेटतात. राहुलचा ट्रक पुढं, गुरुजींचा मागं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी गुरुजी वळताना इंडिकेटर देणार. मी हसलो तर म्हणाले, "रस्ता मोकळा हाय म्हणून शिस्त मोकळी सोडायची का?" पण हल्ली घाट लागला की स्क्रीन काळी व्हायची, पंखे बोंबलायला लागायचे आणि राहुलचा ट्रक एकटाच पुढं निघून जायचा. गुरुजी काळ्या स्क्रीनकडं बघत बसायचे. आठवड्यातली त्या दोघांची तेवढीच भेट.

मला सगळंच एकदम बदलून टाकायचं होतं. गुरुजींनी हात धरला.

"थांब रे. वर्गात गलका झाला तर सगळ्या पोरायला भाईर काढतो का आपण? एकेकाला उभं करायचं. ज्याला उभं केल्यावर गलका थांबला, त्योच गलका करणारा."

मग रोज संध्याकाळी एकेकाची पाळी. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, काढून नव्याने टाकला, कार्ड पळालं. रॅम बदलून पाहिली, पळालं. धूळ साफ केली, तापमान बघितलं, ते बराबर होतं; तरी पळालं. दर वेळी गुरुजी तोच ट्रक त्याच घाटात चढवायचे आणि पळालेल्या कार्डाला म्हणायचे, "पळ. कुठवर पळशील?"

गुरुवारी वायरींची पाळी आली. त्या कार्डाला वीज घ्यायला दोन जागा होत्या. दोन्हींना वेगवेगळी वायर द्यायची. दुसरी वायर बांधणीतून सोडवायचा कंटाळा करून मी एकाच वायरीची दोन टोकं दोन्हीकडं खोचली होती. घाटात कार्ड जोर लावायचं, आणि तेवढी वीज त्या एका वायरीतून नीट पोचत नव्हती.

गुरुजी चहा आणायला आत गेले होते. गुपचूप दुसरी वायर लावली असती तर कुणाला कळलंही नसतं. हात तिथवर गेलाही. पण ते कप घेऊन आले तसं तोंडातून निघूनच गेलं, "गुरुजी, माझीच चूक. तुमचे पाच रविवार मी घालवले."

त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "मंग लाव की दुसरी."

"रागवा तरी."

"बत्तीस वर्षं शिकवलं म्या. माझ्या चुका काढायला बसलो तर चहा गार व्हईल. पी."

दुसरी वायर लावली. त्या संध्याकाळी ट्रक घाट चढून गेला.

रविवारी मी शेजारी बसलो. घाट मागं पडला. स्पीकरमधून राहुलचा आवाज आला, "बाबा, आहात का अजून?"

"हाय."

एवढंच. पुढची पंधरा मिनिटं दोघंही गप्प.

मला राहवेना. "गुरुजी, बोला की काहीतरी."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "काय बोलू? बोलायची ती त्याची माय. फोन तिच्या हातात राहायचा, मी बाजूला बसून ऐकायचो. ती गेली, तवापासून मला सुरुवातच जमत न्हाई." मग स्क्रीनकडं बोट केलं. "पण त्याच्या गाडीचे लाल दिवे दिसून राह्यले ना? बास."

पुढं सरळ, मोकळा रस्ता होता. तरी राहुलचा ट्रक उगाच हळू झाला. गुरुजींनीही वेग कमी केला. ओलांडून गेले नाहीत.